दत्ताचा मेनू

३० नोव्हें. २००९, सोम.
आजपासून दत्ताच्या मशीनवर बसतोय. सर म्हणाले, "तू त्याच्या जवळचा, तुलाच त्याचं काम कळेल." जवळचा म्हणजे काय, चांदे गावात त्याच्याच घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. दोन वर्षं त्याच्याच गाडीवर मागे बसून भूगावला ऑफिसला आलो. त्याला जाऊन सोळा दिवस.
लॉगिनच्या चौकटीत पहिलं अक्षर टाकलं, तर खाली त्याचं नाव आपोआप आलं. पुसता आलं नाही.
सर फोनवर होते. पलीकडे उरवड्याचे पंपांचे कारखानदार, त्यांची वेबसाइट आम्ही चालवतो. "तो मुलगाच गेला हो. त्याच्याच कोडमध्ये चूक होती, त्यामुळं साइट बसली." मी समोर चहा पीत होतो. पीत राहिलो.

१ डिसें., मंगळ.
त्याची फाइल उघडली. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, एक ओळ लिहायची, बास, पानाच्या वर सगळा मेनू तयार. आतलं काम त्याच्या टॅगचं, म्हणजे त्यानं लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं. प्रत्येक पानाला आपल्या वरचं पान ठाऊक असतं. टॅग आत्ताच्या पानापासून वर वर चढत जातो, तुझ्या वर कोण, तुझ्या वर कोण, आणि वाटेतली नावं ठळक करतो. साधं आहे. साधं लिहायला डोकं लागतं, ते त्याला होतं.
वर शेरा मारलाय: "अन्या, इथं हात लावलास तर आईला सांगेन."
वाचून हसलो. मग बाहेर जाऊन उभा राहिलो.

३ डिसें., गुरु.
त्याची चाचणीची पानं सापडली. इतर लोक 'पान एक, पान दोन' करतात. ह्यानं घरच मांडलंय. सगळ्यात वर 'घर'. त्याखाली 'पडवी', 'स्वयंपाकघर', 'माळा'. 'माळा'च्या खाली 'अन्या'.
'अन्या'वर क्लिक केलं. कोरं पान. वरच्या पट्टीत ठळक अक्षरांत: घर, माळा, अन्या.
संध्याकाळी त्याच घरात शिरलो. पडवीत त्याच्या चपला अजून आहेत. त्या ओलांडून जिना चढावा लागतो. माळ्यावर मी.

५ डिसें., शनि.
मावशींनी, म्हणजे दत्ताच्या आईंनी, जेवायला खाली बोलावलं. रोजचंच, तो गेल्यावरही चुकलेलं नाही. वाढता वाढता म्हणाल्या,
"अनिल, मेनू म्हंजी काय रं? हाटेलात असतोय त्यो?"
सांगितलं, वरच्या पट्टीत पानांची नावं असतात, त्यावरून कुठं जायचं ते कळतं.
"मंग त्यात दत्तानं काय बिघडवलं व्हतं?"
कुणी सांगितलं, विचारलं.
"आमचा भाचा हाय न्हवं उरवड्याच्या कारखान्यात. तितं समदी म्हनत्यात, पोरानं घोळ घातला, निस्तरायला पळाला आन् गेला. आता गावातबी तेच. त्याचं काय चुकलं व्हतं, तेवढं सांग मला. तुला ठावं असंल."
"बघून सांगतो, मावशी."
बघून सांगतो! भित्रा. एक नंबरचा भित्रा.

८ डिसें., मंगळ.
आज करून पाहिलं. त्याच्या चाचणीच्या पानांत 'घर'च्या वर 'माळा' ठेवला. म्हणजे घराच्या वर माळा आणि माळ्याच्या वर पुन्हा घर. पान उघडलं. उघडेचना. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत टॅग नावं छापत सुटला. माळा, घर, माळा, घर, माळा, घर. त्याला वर पोचायचंय आणि वर संपतच नाही. बघत बसलो. शेवटी मशीनच बंद केलं.
हेच झालं होतं, तो गेला त्या शनिवारी. 'पंप'च्या खाली 'सुटे भाग' होतं, मी घाईत 'पंप' उचलून 'सुटे भाग'च्या खाली टाकलं. मी. साइट बसली. मी काय केलं ते तपासलंसुद्धा नाही. फोन लावला. "दत्त्या, तुझा टॅग बोंबललाय, ये लगेच." त्याची सुट्टी होती. "जेवतोय रे, आलोच."
वीस मिनिटांनी पुन्हा लावला. "निघालास का?" हे विचारायला. उचलला नाही. तेव्हा तो वळणावर, गाडीवरून पडलेला...

९ डिसें., बुध.
फाइलमध्ये खाली आणखी एक शेरा: "फिरून तिथंच आलं तर? बघायचंय."
म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्यानं आधीच बघायला हवं होतं. दिवसभर हे घोकलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. संध्याकाळी मावशींनी पिठलं वर पाठवलं, तेव्हा स्वतःची शिसारी आली. त्याचं बघायचं राहिलं होतं. मोडलं मी.

१० डिसें., गुरु.
प्रत्येक पानाला इतिहास असतो, विसरलोच होतो. 'पंप'चा उघडला. १४ नोव्हेंबर, दुपारी १२ वाजून ५ मिनिटं, वरचं पान बदललं. बदलणारा: अनिल. एवढीच ओळ.
सर म्हणाले, त्याचा टॅग काढ, मेनू हातानं लिही, पानं नव्यानं चढव, जुना डेटा मी सोमवारी उडवतो. म्हणजे ही ओळपण जाईल. मग कुणालाच कधी कळणार नाही.
किती सोपं.

११ डिसें., शुक्र.
टॅग दुरुस्त केला, काढला नाही. तीन ओळी लागल्या. आलेलं पान पुन्हा आलं की थांबतो. त्याचा शेरा तसाच ठेवला.
सरांना सांगून टाकलं, चूक माझी होती. त्यांनी दार लावलं. "वेडा आहेस का? क्लायंटला आता काय तोंड दाखवू? गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"
त्याला नसेल पडत. इतिहासाचं पान छापून घेतलं. खिशात आहे.

१२ डिसें., शनि.
दिवसभर खिशातच.

१३ डिसें., रवि.
दुपारी मावशींच्या हातात कागद दिला. इंग्रजी. त्यांनी लांब धरून पाहिला.
"ह्यात दत्ताचं नाव कुटं हाय?"
"नाही, मावशी. त्याचं नाव नाहीच. माझं आहे. बिघडवलं मी. फोन पण मीच केला. दोन वेळा."
रडलो. त्या रडल्या नाहीत. बराच वेळ तव्याकडे बघत होत्या, वरची भाकरी करपली. मग म्हणाल्या, "भाकरी अर्धी टाकून उठला व्हता. म्हनला, अन्या अडकलाय."
कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. "उद्या उरवड्याला चल. भाच्याफुडं, त्या समद्यांफुडं सांग. माझ्या लेकाचं न्हवतं म्हनून सांग."
विचारलं, आणि नंतर? मी खोली सोडू का?
"त्ये आल्यावर बघू."

१४ डिसें., सोम.
सर आज जुना डेटा उडवणार. फोन दोनदा वाजला, त्यांचाच. उचलला नाही. शर्ट घातलाय. तिथं काय बोलायचं ते पाठ करतोय, पहिल्या वाक्यापुढं जात नाही. खाली मावशी केव्हाच्या तयार होऊन पडवीत उभ्या आहेत, दत्ताच्या चपलांशेजारी. आत्ता जिन्यातून हाक आली.
"अनिल, निघालास का रं?"