चिंचेनं घासलेला त्सुबा

८ मार्च, शनिवार

"कानस पुढं जाताना कापते, मागं येताना नुसती खरवडते." बाबा म्हणाले होते, मी अकरा वर्षांची असताना. नागपूरला, अंगणात, कारखान्यातली जुनी कानस माझ्या हातात देऊन. आज माझ्या जपानी गुरूंनी, हिराओकांनी, न बोलता तेच सांगितलं. मागं येणारा माझा हात मनगटाला धरून वर उचलला.

त्यांच्याकडे त्सुबा करायला शिकतेय त्याला चार महिने झाले. त्सुबा म्हणजे तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामधली चकती, हात घसरून पात्यावर जाऊ नये म्हणून. मधली फट कापायलाच मला सहा शनिवार लागले!

आज त्यांनी त्यांच्या गुरूंनी केलेला त्सुबा आठवडाभर घरी दिला. तांब्यात चिमूटभर सोनं. काळा, उजेडात धरला की आत निळसर. हा काळेपणा उकळून आणलेला रंग आहे, मळ नव्हे. "नुसता बघ. रोज. मग आपल्या त्सुबाची कड घास."

आधीच्या विद्यार्थ्याला, नीलला, त्यांनी काढून टाकलं. काम चालू असताना फोनवर होता. ते एका वेळी एकालाच शिकवतात. न बघता काम करणारा त्यांना चालत नाही.

१० मार्च

नागपूरहून आलेली आई हसते. "एवढं काळंठिक्कर, आणि हातमोजे घालून धरतेस! माझ्या कुकरला कधी घातलेस का?"

१३ मार्च, गुरुवार

घात झाला.

उद्या पौर्णिमा. बुद्धमूर्तीपुढची समई, तांब्याचा लोटा, सगळं आईनं चिंच-मिठानं घासलं आणि ओट्यावर ओळीनं मांडलं. मी दिवसभर वरच्या खोलीत, ऑनलाइन मीटिंगमध्ये. चारला खाली आले तर ओळीच्या शेवटी त्सुबा. गुलाबी! तांब्याच्या नव्या पाइपासारखा गुलाबी.

"बघ, कसं लख्ख निघालं!" आईचा चेहरा फुललेला.

मी ओरडले. आयुष्यात आईवर अशी ओरडले नव्हते. "कुणी सांगितलं होतं तुला?" ती काही बोलणार होती. माझ्याकडे बघून थांबली. मग हात पदराला पुसत म्हणाली, "चुकलं बाई माझं."

१४ मार्च

पौर्णिमेची खीर केली. कुणी खाल्ली नाही.

१५ मार्च, शनिवार

नेपरव्हिलच्या आमच्या घरून त्यांच्या घरापर्यंत गाडीनं वीस मिनिटं. कापड उलगडलं. ते तो खिडकीपाशी घेऊन गेले. डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मला त्यांची पाठच दिसत होती.

"कुणी?"

"माझ्या आईनं. म्हातारी आहे. तिला कळलं नाही." — किती पटकन आलं हे तोंडातून! जणू पाठच केलं होतं.

त्यांनी त्सुबा पुन्हा कापडावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या हातून नाही." रंग पुन्हा चढेल, पण गुरूंचा असणार नाही. पुढच्या रविवारी चढवतील, एकटे. रंग चढवताना ते खोलीत कुणालाच घेत नाहीत.

"तू शनिवारी ये."

वाचले! गाडीत बसून रडले. सुटल्यासारखं का वाटत नाही?

१७ मार्च

आई अर्ध्या पोळीवर उठते. रोज तेच विचारते, "त्यांचं ते होईल ना गं नीट?" अठ्ठावीसला तिचं विमान आहे. मनात हेच घेऊन जाणार.

२० मार्च, गुरुवार

संध्याकाळी मी पुन्हा आईला बोलले. कपाटातलं काहीतरी हलवलं म्हणून, किती क्षुल्लक! माझी मुलगी मैत्री जिन्यावर होती. पंधरा वर्षांची, पण आवाज माझ्या बाबांचा.

"मम्मा, स्टॉप इट. आजी आस्क्ड यू."

"काय?"

"दॅट ब्लॅक थिंग. तू कॉलवर होतीस. शी हेल्ड इट अप. यू गेव्ह हर अ थम्स अप."

आठवलं. सगळं आठवलं. दारात आई, हातात काहीतरी, "हे पण घासू का गं?" आणि मी स्क्रीनवरून नजर न काढता अंगठा वर केला होता.

"आई, बोलली का नाहीस?"

ती कोथिंबीर निवडत राहिली. "तुझा क्लास गेला असता. बाबा गेल्यापासून तुला इतकं रमलेलं पाहिलं नव्हतं. माझं काय, मी अठ्ठावीसला चालले. तो म्हातारा काय नागपूरला येणार आहे मला रागवायला?"

आणि हसली. मला हसता आलं नाही.

२१ मार्च

सकाळी हिराओकांना लिहून पाठवलं. आईनं विचारलं होतं, मी न बघता हो म्हटलं, आणि तुमच्यासमोर तिचं नाव पुढं केलं. उद्यापासून मी यायचं नाही, हे मलाही कळतं. त्याखाली आणखी दोन ओळी. नाहीच म्हणतील. तरी लिहिल्या —

रविवारी रंग चढवाल तेव्हा माझ्या आईला खोलीत बसू द्याल का? ती काही बोलणार नाही, कशाला हात लावणार नाही. ते पुन्हा काळं होताना तिला एकदा बघू द्या.