बाबांचा कान आणि माझे आकडे

३ मार्च, सोमवार

सुरू झाली! तिसऱ्या चावीला!

कार्बुरेटर काढून लॅपटॉपवरून चालणारं पेट्रोलचं इंजेक्शन बसवायला पाच महिने लागले. आज बाबांची जुनी पांढरी गाडी त्याच्या हुकमावर चालली. चालली म्हणजे — थरथरली, दोनदा शिंकली, बंद पडली. पण सुरू झाली.

बाबा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "मेलेल्याला सलाईन लावून उभं केलंस." कौतुक की टोमणा, कळलं नाही. नेहमीचंच.

५ मार्च

धुराच्या नळीत सेन्सर बसवला. धुरातला ऑक्सिजन मोजून तो सांगतो, एक भाग पेट्रोलला किती भाग हवा जातेय. साडेचौदाच्या आसपास म्हणजे पोट भरलेलं. सतरा म्हणजे उपाशी. अकरा म्हणजे अजीर्ण. सेकंदाला वीस वेळा आकडा येतो, लॅपटॉप टिपून ठेवतो — तो लॉग.

उपाशी, अजीर्ण — हे बाबांचे शब्द. शाळा सुटली की मी थेट गॅरेजात यायचे, दप्तर टायरवर फेकायचे. बाबा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला, डोळे मिटलेले. गिऱ्हाईक बडबडत असलं तर एक बोट वर — गप्प! मग कार्बुरेटरचा स्क्रू पाव फेरा. "आता जेवली बघ." आणि इंजिन खरंच मांजरासारखं घुरघुरायला लागायचं. मी पाने उचलून द्यायचे, म्हणून माझं नाव पानेवाली. चव्वेचाळीसची झाले, नाव तेच आहे.

आज त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "बाबा, जरा ऐकून सांगा ना, कशी वाटते?"

"तुझं यंत्र आहे ना, त्याला विचार."

रुसलेत. कार्बुरेटर फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय त्यांनी. जसा काही नातेवाईकच.

७ मार्च

उभ्या गाडीवर आकडा सतरा. पेट्रोल वाढवलं — सतरा. अजून वाढवलं — साडेसोळा. किती खाणार बाई तू!

८ मार्च

दिवसभर डोकं फोडून घेतलं. लॅपटॉपमध्ये पेट्रोलचा तक्ता आहे, कुठल्या वेगाला आणि ओझ्याला किती द्यायचं त्याचा; त्यातला प्रत्येक चौकोन वाढवून झाला. सेन्सर म्हणतो, उपाशी. आणि गॅरेजभर पेट्रोलचा वास!

शेवटी बाबा उठले. एक प्लग खोलला आणि माझ्या नाकासमोर धरला. काळाकुट्ट.

"तुझा आकडा म्हणतो उपाशी. प्लग म्हणतो अजीर्ण. दोघांतला एक खोटं बोलतोय."

मग वाटीत साबणाचं पाणी कालवलं. मला गाडी सुरू करायला लावली आणि धुराची नळी इंजिनाला जिथे जोडलीय त्या सांध्यावर पाणी सोडलं. फसफस बुडबुडे! सांध्यात फट होती. तिथून धूर बाहेर फुंकला जायचा आणि प्रत्येक फुंकरीमागे बाहेरची हवा आत ओढली जायची, आणि सेन्सर बिचारा तीच मोजत बसायचा.

"यंत्र खोटं नाही बोलत," बाबा म्हणाले, "पण त्याला कोणी फसवलं तर त्याला कळत नाही."

किती वर्षांनी त्यांचे हात काळे झालेले पाहिले. आईने साबण दिला तरी धूत नव्हते.

११ मार्च

सांध्यात नवं गॅस्केट घातलं, फट बंद. आकडा दहा! म्हणजे खरंच अजीर्ण. वाढवलेलं सगळं पेट्रोल कमी करत बसले. संध्याकाळपर्यंत साडेचौदा. इंजिन घुरघुरलं. अगदी दप्तर टायरवर फेकायच्या दिवसांसारखं.

१५ मार्च, शनिवार

काय लिहू.

सकाळी बाबांना शेजारी बसवून टेकडीच्या चढावर गेले. चढावर इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, तिथला लॉग घ्यायचा होता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिडकीबाहेर बघत. या चढावरच त्यांनी मला क्लच शिकवला होता. मी तीनदा मागे घसरले होते, आणि मागचा ट्रकवाला ओरडला तेव्हा बाबा उतरून त्याला म्हणाले होते, "पोरगी शिकतेय. घाई असेल तर उडून जा."

अर्ध्या चढावर आवाज सुरू झाला. डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा — टकटकटक! मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. लॉगमध्ये पंधराच्या वर — भर चढावर उपाशी. कमी करण्याच्या नादात चढाचे चौकोनही कमी करून बसले होते मी. अजून मिनिटभर दाबली असती तर पिस्टन जळाला असता.

तो आवाज! लहानपणी असा आवाज रस्त्यावरून जरी गेला तरी बाबा ताटावरून उठायचे.

आज ते मांडीवर बोटांनी ताल धरून बसले होते. म्हणाले, "लोण्यासारखी चाललीय."

१६ मार्च

त्यांच्या पाठीमागे उभी राहून पाना फरशीवर पाडला. मोठा, बत्तीसचा.

वळले नाहीत.

१७ मार्च

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"तुला आत्ता कळलं?"

"म्हणजे?"

"टीव्ही कोणासाठी एवढा मोठा लावते मी? तू ऑफिस सोडून गॅरेजात आलीस ना, त्याच्या आदल्या वर्षीच दोन्ही कान गेल्यात जमा होते. ओठ वाचतात ते. म्हणून खुर्ची कायम बोलणाऱ्याच्या तोंडासमोर."

"मला का नाही सांगितलं?"

"शपथ घातली होती. म्हणाले, तिला कळलं तर ती माझ्याकडे शिकायला येईल का?"

पंधरा वर्षं! पंधरा वर्षं प्रत्येक इंजिन झाल्यावर मी त्यांना हाक मारली. ते यायचे, बॉनेटवर हात ठेवायचे, मान तिरकी करायचे. "जमलं" म्हणायचे, नाहीतर "अजून एकदा बघ". एकदाही चुकले नाहीत. अजून एकदा बघितलं की काहीतरी सापडायचंच.

कसं?

२० मार्च

चढाचे चौकोन पुन्हा भरले. ऑफिसात जन्मभर तक्ते भरले असते तरी या तक्त्याइतकं प्रेम कुठल्यावर बसलं नसतं.

२३ मार्च, रविवार

चढ. पूर्ण दाबून. लॉग पावणेतेरा, चढाला हवा तसा, सरळ रेघ. एकही खिळा वाजला नाही.

वर पोचल्यावर गाडी चालूच ठेवून उतरलो. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला, मान तिरकी केली. "जमलं."

मी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. सावकाश विचारलं — "बाबा, ऐकू येत नाही, मग कसं कळतं?"

 हसले.

"तुझ्या चेहऱ्यावरून."