निजलेली जमीन

१४ मार्च १९६६, सोमवार

सुटलो एकदाचा! गावाची माहिती लिहून संपली. अकरा पानं, शिवाय नकाशा. बोटं आखडली आहेत, पण अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत हललं नाही.

तालुक्याच्या कचेरीनं प्रत्येक गावाची माहिती मागवली होती, तीही शिक्षकाकडून. शिक्षकाला दुसरं काम काय असतं! तर — आंबेडोह. सूर्या नदीच्या खोऱ्यातलं गाव. बोईसर स्टेशनपासून नऊ मैल. पाच मैल गाडीवाट, पुढचे चार मैल देवाचं नाव. घरं अडतीस, माणसं दोनशे चौदा. विहीर एक, तीही एप्रिलनंतर नावापुरती. मग बाया नदीच्या डोहावर जातात. नदीकाठी भाताची खाचरं, त्यावर मोठी चढण, चढणीपलीकडे जंगल. शाळा एक — महादूची पडवी. शिक्षक एक — मी.

जमिनीला तीनच रकाने होते. भात, भाजीपाला, पडीक. चढणीची सगळी जमीन पडीकमध्ये टाकली, नव्वद एकर. नुसतं गवत, दगड आणि करवंदाच्या जाळ्या. आमच्या सिन्नरला एवढी जमीन अशी पडून राहिली असती तर लोकांनी एकमेकांची डोकी फोडली असती. महादूला विचारलं होतं मी, वर काय पेरता म्हणून. गावात त्याचाच शब्द चालतो. म्हणाला, "आता काय नाय. ती निजली हाय." निजली म्हणजे पडली, पडली म्हणजे पडीक. लिहिलं.

घर क्रमांक सातला जरा वाद झाला. जिवली म्हातारी एकटीच राहते. माणसं किती विचारलं तर म्हणे, "दोघा." दुसरा कोण? "चिंतू." हा चिंतू तिचा मुलगा. चार वर्षांपूर्वी बोईसरला एका मुकादमाबरोबर गाडीत बसला, कुठल्याशा धरणाच्या कामाला. तेव्हापासून पत्र नाही, निरोप नाही. मी 'एक' लिहिलं. ती बघत होती. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण एक आणि दोन बहुतेक कळतात.

१७ मार्च

कागद कचेरीत दिले. साहेबांनी स्वतः चाळले. "गुरुजी, अक्षर म्हणजे मोती हो!" मग आपणहून म्हणाले, सिन्नरकडे बदलीचा अर्ज आहे ना तुमचा, चांगली शिफारस करतो. बोईसरला येऊन दोन कप चहा प्यालो, दुधाचा. सौ.ला कार्ड टाकलं — मे महिन्यात येतो, कदाचित कायमचाच.

२ एप्रिल

ऊन. शाळा सकाळची. हजेरी अकरा. बाकीची पोरं मोहाची फुलं वेचायला.

११ एप्रिल, सोमवार

कचेरीचं पत्र आलं. माझ्या माहितीवरून आंबेडोह गाव निवडलं आहे! नव्वद एकर पडीक जमिनीवर निलगिरीची लागवड, चारी बाजूंनी तारेचं कुंपण. १६ मे रोजी साहेब जागा बघायला येणार.

मला तर आनंद झाला. महादूच्या पडवीत सगळ्यांना बोलावून पत्र मोठ्यानं वाचलं. कौतुक होईल असं वाटलं होतं, लपवत कशाला. पण महादूनं विचारलं, "कुपन कुठं घालतील?" मी चढणीकडे बोट दाखवलं. "मंग आमी आत कसा जायाचा?" मी म्हटलं, आत कशाला जायचंय, तिथं आहे काय?

कोपऱ्यातून जिवली म्हणाली, "गुरुजी, तू निजलेलीला मेलेली लिवली."

(इथं सगळ्यांना 'तू'च म्हणतात — मला, साहेबाला, देवालाही. नवा होतो तेव्हा राग यायचा. आज आला नाही.)

१२ एप्रिल

महादूकडून नीट समजून घेतलं. वर्षभरापूर्वी घेतलं असतं तर!

चढणीवरच्या जमिनीचे तुकडे आहेत, घराघराचे. एक तुकडा तीन वर्षं कसतात. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी खुरासणी. मग माती दमते. मग तिला चार-पाच वर्षं निजवतात. त्या काळात तिला नांगर लावायचा नाही, फक्त तिच्यावरचं गवत आणि पालापाचोळा आणायचा. तो खालच्या खाचरात पसरून उन्हाळ्यात जाळतात. त्याला राब म्हणतात. त्या राखेत भाताचं रोप धरतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही.

म्हणजे माझ्या एका शब्दानं वरची नव्वद एकरच नाही, खालची खाचरंही जाणार. दोनशे चौदा माणसं खाणार काय? माहितीच्या कागदात शेवटी 'शेरा' असा रकाना होता. तिथं मी झोकदार अक्षरात लिहून आलोय — 'काही नाही'.

१४ एप्रिल

साहेबांना पत्र लिहायला बसलो. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. चूक कबूल करायची म्हणजे बदलीवर पाणी. सौ.नं तिकडे पोराला शाळेत घालायचंसुद्धा थांबवलंय, बाबा येऊ देत म्हणून.

पत्र पाठवलं नाही. भित्रा आहे मी. कुणी वाचणार नाही म्हणून इथं लिहितो.

२० एप्रिल, बुधवार

पत्र नाही तर नाही, दुसरा नकाशा तरी करावा म्हणून सकाळी चढणीवर गेलो. दाखवायला महादू येणार होता, तर त्याचा गुडघा धरलेला. जिवली आली. साठीची बाई, माझ्यापुढे भराभरा चालते आणि वर विचारते, "गुरुजी, तुला बसायचा का?"

गवतात दगडांच्या ओळी आहेत. गेलं वर्षभर मी त्यावरून चालतोय, ठेचा खातोय, पण त्या ओळी आहेत हे दिसलं नाही! दोन ओळींमधला एकेक तुकडा. जिवली पायानंच दाखवत गेली. "हा देवूचा. तीन सालं झाली निजून. हा सुकाचा, यंदा उठल. हा जानूचा, अवंदाच निजवला, त्याला हात लावायचा नाय." मी लिहीत गेलो — कुणाचा, कधी निजवला, कधी उठणार. एकतीस तुकडे. एकही अडलं नाही तिला. आमच्या कचेरीत एवढी पाठ असलेली माणसं असती तर!

एकोणिसावा तुकडा आला तेव्हा ती थांबली. सगळ्यात चांगला तुकडा, उतार कमी, दगडही कमी. "हा चिंतूचा."

कधी निजवला? "गेला त्या साली."

म्हणजे यंदा उठायला हवा, मी म्हटलं. देवू किंवा सुका कसतील की. ती म्हणाली, "ज्यानं निजवली त्यानंच उठवायची. दुसऱ्यानं नाय." इथली रीतच आहे तशी. मी वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं. तिला प्रश्नचिन्ह कळत नाही. बरं झालं.

३० एप्रिल

शाळेला सुट्टी. सौ.चं पत्र — गाडी कधीची? उत्तर लिहिलं, सोळा तारखेनंतर. कारण लिहिलं नाही.

९ मे, सोमवार

आज राब भाजले. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. खाचरात पाला, त्यावर गवत, शेण, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं विस्तव. बाया हिरव्या फांद्या घेऊन बांधावर उभ्या, आग बाहेर जाऊ नये म्हणून. अख्खं गाव धुरात. मीही फांदी घेऊन उभा राहिलो. मिशीची एक बाजू जळाली. महादू दोन दिवस हसणार आता.

नवा नकाशा तयार. एकतीस तुकडे, एकतीस नावं. आधीच्यापेक्षा अक्षर चांगलं आलंय, आणि या वेळी त्याचा काही उपयोगही आहे.

१५ मे

साहेबांपुढे करायचं भाषण पाठ केलं.

१६ मे, सोमवार

सगळं क्रमानं लिहितो.

साहेब अकराच्या सुमारास आले, घामाघूम. बरोबर एक मोजणीवाला. डोहाचं पाणी प्यायले, झाडाखाली बसले आणि म्हणाले, "चला गुरुजी, तुमची पडीक दाखवा." सगळं गाव मागे. मी नकाशा उघडला आणि पाठ केलेलं भाषण सगळं विसरलो. एवढंच म्हणालो — साहेब, पडीक नाही. मी चुकीचं लिहिलं.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे?" मग मात्र मी बोलायला लागलो तो थांबेना. नागली, वरी, खुरासणी, निजवणं, राब. खाली नेऊन खाचरातली राख दाखवली, वर नेऊन दगडांच्या ओळी दाखवल्या. देवू, सुका, जानू आपापल्या तुकड्यात जाऊन उभे राहिले. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

साहेब माणूस वाईट नाही. बराच वेळ नकाशा बघत होते. म्हणाले, "याला वरकस म्हणतात, गुरुजी. आमच्या कागदात शब्द आहे. तुम्ही विचारलं का नाही?" मग ते मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले. वरून तगादा आहे. नव्वदाचं शून्य झालं तर त्यांना तोंड दाखवायला जागा नाही. "पाच एकर तरी दाखवा. रोपवाटिका करू, गावाचंही भलं. ज्याला मालक नाही असा एखादा तुकडा असेलच की." आणि जाता जाता, "तुमच्या बदलीचा कागद माझ्याच टेबलावर आहे."

वहीत एकोणिसाव्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह होतं. खरं सांगतो — तोंड उघडलं होतं मी. एका तुकड्यात सगळं गाव सुटत होतं आणि मीही. चार वर्षं निरोप नसलेला माणूस! कुणाचं काय बिघडणार होतं?

जिवलीला आमचं बोलणं ऐकू जाण्यासारखं नव्हतं. ती चिंतूच्या तुकड्यात गेली आणि कडेच्या दगडापाशी बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. निजलेल्या पोराच्या उशाशी बसतात तशी बसली.

साहेबांनी बोट केलं, "ती म्हातारी बसलीय तो कुणाचा?"

मी म्हटलं, तिच्या मुलाचा. तोही निजलेलाच आहे साहेब, यंदा उठायचा. मालक बाहेरगावी कामाला आहे.

"येणार कधी?"

पेरायला, मी म्हणालो. बेधडक. आयुष्यात सरकारी माणसापुढे मारलेली पहिली थाप.

साहेबांनी सुस्कारा सोडला, माझ्याच पेननं मूळ कागदावरच्या 'पडीक'वर काट मारली आणि शेऱ्यात लिहिलं — 'सर्व जमीन वरकस, लागवडीखालील. योजनेस अयोग्य.' खाली सही. जीव भांड्यात पडला! महादूनं साहेबांना ताडगोळे खायला दिले. गेले बिचारे उन्हातून.

जिवली जाताना म्हणाली, "तू काय सांगला त्याला?" मी म्हटलं, चिंतू पेरायला येणार. ती मान हलवून म्हणाली, "मंग? खराच हाय ते."

१७ मे

नऊ तास झोपलो. मीही निजवलेला होतो म्हणायचं! उद्या सिन्नर.

१३ जून, सोमवार

परत आलो. राबात भाताची रोपं बोटभर झाली आहेत. एवढं हिरवं कधी बघितलं नव्हतं, म्हणजे बघितलं असेल, पण आता त्याच्याखालची राख ठाऊक आहे.

बदल्यांची यादी लागली. माझं नाव नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. सौ.ला सगळी हकीकत सांगितली होती तिकडे. ती एवढंच म्हणाली होती, "तुमची पहिलीच थाप, ती तरी नीट निभवा." म्हणजे काय करू? चढणीवर यंदा कसायच्या सगळ्या तुकड्यांत माणसं आहेत, एकोणिसावा सोडून. जिवली रोज जाऊन गवत तेवढं काढून येते. नांगर लावू देत नाही.

२१ जून, मंगळवार

शाळेच्या पत्त्यावर कार्ड आलं. हिंदीत, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'मास्टरजी, मेरी माँ जिवली को पढ़कर सुनाना. पैर टूटा था, अब ठीक है. काम छोड़ दिया. मेरी ज़मीन सोयी है, या किसी ने जगा दी? मैंने सुलायी थी, मैं ही जगाऊँगा. बुवाई को आ रहा हूँ. चिंतू.'

जिवलीला तीनदा वाचून दाखवलं. मग माहितीची माझ्याकडची प्रत काढली. घर क्रमांक सात. एकावर काट मारली. माणसं — दोन.