वडिलांच्या रकान्यात आजी

आये, तुझी पणती जिंकली. शाळेला फॉर्म बदलायला लावून जिंकली. मी तीस वर्षं सरकारी खिडकीमागे बसून लोकांचे फॉर्म अपुरे म्हणून परत केले, तेव्हा फॉर्म बदलणं म्हणजे काय ते मला विचार.

बोरिवलीत सातव्या मजल्यावर आम्ही तिघी राहतो: मी, घटस्फोट झालेली माझी लेक आणि तिची तेरा वर्षांची मुलगी. लेकीचं ऑफिस मालाडला, पण चालतं परदेशाच्या घड्याळावर. पोरगी शाळेतून येते तेव्हा आई निघालेली असते. कोळीवाड्यात मी शाळेतून आले की चार काक्या विचारायच्या, जेवलीस का, रडलीस का, मार कुणाचा खाल्लास. हिला विचारायला मी एकटी. बाकीचा कोळीवाडा तिच्या फोनमध्ये. मला ते बघवत नसे. "डोळे फुटतील," मी रोज ओरडायचे, अगदी तुझ्या आवाजात. ती म्हणायची, "आजी, चिल." भरतीची उंची मोजणारं यंत्र मात्र तिने याच फोनवर बघून बनवलं. तू किनाऱ्यावर नुसती उभी राहून सांगायचीस ते हे यंत्र आकड्यात सांगतं, आणि शाळेने ते विज्ञान प्रदर्शनासाठी निवडलंही होतं.

यंदा शाळेचा सगळा कारभार फोनवरच्या अ‍ॅपवर गेला; त्यातला फॉर्म पोरीनेच भरला. माझ्या फोनवर 'प्रिय वडील' अशी सुरुवात असलेले निरोप येऊ लागले. मला वाटलं, शाळेचा गोंधळ. मग एक दिवस उपमुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "मुलीच्या वडिलांना द्या."

"ते मुलुंडला असतात. मी आजी बोलतेय."

"पण वडिलांच्या रकान्यात हाच नंबर आहे!"

दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. पोरीने खोटी माहिती भरली, म्हणून प्रदर्शनातून नाव काढलं होतं. बाई हसून म्हणतात, "अशा घरांत असंच होतं हो. लक्ष द्यायला कोणी नसतं, मुलं दिवसभर इंटरनेटवर." अशा घरांत! माझ्या तोंडाला तू ओळखतेस, पण त्या दिवशी ते सुटलं घरी येऊन. सगळा राग पोरीवर काढला. वायफायचा डबा कपाटात घालून किल्ली कमरेला लावली.

पाचव्या दिवशी ताटावर बसून म्हणाली, "तो रकाना रिकामा ठेवला ना, तर अ‍ॅप पुढे जातच नाही. पप्पांचा नंबर टाकला असता, पण ते फोन उचलत नाहीत. तू उचलतेस."

मी उठले आणि कपाट उघडलं.

तिने वर्गाच्या ग्रुपवर एवढंच विचारलं: वडिलांच्या रकान्यात कुणाकुणाचा नंबर आहे? संध्याकाळपर्यंत अकरा उत्तरं आली. कुणाचा मामा, कुणाचे आजोबा, कुणाच्या आईचंच दुसरं सिम, आणि एकाने तर शेजारच्या रिक्षावाल्या काकांना बाप करून ठेवलेलं. अकरा पोरं एका वर्गात बसतात आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपणच एकटे चोर. नागपूरच्या कुठल्याशा मुलीने, जिला आमच्या पोरीने कधी पाहिलेलं नाही, हाच रकाना बदलण्यासाठी स्वतःच्या शाळेत दिलेला अर्ज पाठवला. हिने त्यावरून आपला लिहिला. इंग्रजी मी तपासलं. माझ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या छड्या फुकट गेल्या नाहीत.

सोमवारी आम्ही नऊ बायका आणि दोन आजोबा केबिनमध्ये उभे राहिलो. अर्ज पोरीने स्वतः वाचला, आवाज जरासुद्धा न हलता. बाई म्हणाल्या, "अहो, पण आधी सांगायचं ना आम्हाला!" मी म्हटलं, "कुठल्या रकान्यात?"

आठवड्यात 'वडील' गेले आणि 'पालक' आले. पोरीचं नाव प्रदर्शनात परत लागलं. मी सोसायटीभर पेढे वाटले.

आणि आता ते, ज्यासाठी लिहायला बसले. माझ्या पाचवीच्या फॉर्मवर मी बापाच्या नावाआधी 'कैलासवासी' अशा अर्थाचं इंग्रजी लिहिलं होतं. सिस्टर बाजारात पापलेट घ्यायला आल्या आणि तुझं सांत्वन करू लागल्या, तेव्हा तुला कळलं. तू घरी येतेस, टोपली उतरवतेस, हातावरचे माशांचे खवले तसेच. "जित्या मानसाला मारलंस, बाय? तो मेला नाय, टाकून गेलाय. लाज त्याची. ती तू कशाला डोक्यावर घेतेस? उद्या जा नि खोड ते." दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं, खोडलं.

खोडलं नव्हतं, आये. दर शुक्रवारी अख्खा वर्ग डोळे मिटून त्याच्या आत्म्याला शांती मागायचा, आणि तो गोवंडीत दुसऱ्या बायकोच्या हातचं जेवत असायचा. मीही हात जोडायचे. त्या दिवशी सिस्टर मला पुढच्या बाकावर बसवायच्या. ते मला आवडायचं. दहावीपर्यंत तो मेलेलाच राहिला. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तुला कळणार नाही याची मला खात्री होती. आजही हे लिहायचं धाडस बहुधा तेवढ्यावरच आहे.

काल पोरगी पेढा खाता खाता म्हणाली, "आजी, तुझे बाबापण नव्हते ना घरी? मग तू काय लिहिलेलंस?"

मी म्हटलं, "खरं तेच."