गल्लीतून एकही तक्रार नाही

३ मार्च, सकाळी
नवा संकल्प: चहा होईपर्यंत फोनला हात लावायचा नाही. नगरसेवकाचं डोकं सकाळी थंड हवं.

सव्वासात. चहाला उशीर. बघितला फोन.

काल बागेतल्या नव्या बाकाचा फोटो टाकला होता. बाकावर मी, शेजारी मोकळी जागा, म्हणजे जनतेसाठी. त्याखाली टाकीमागच्या गल्लीतला शिंपी लिहितो, बाक झकास, पण आमच्या नळाला पिवळं पाणी येतंय त्याचं काय? अरे, फोटो बाकाचा आहे. पाण्याचा टाकेन तेव्हा पाण्याचं बोल.

ब्लॉक केला. रागाने नाही, शिस्त म्हणून.

५ मार्च
शिंप्याच्या मदतीला निवृत्त मास्तर धावले. बाटलीत पाणी भरून फोटो टाकलाय. मास्तरांनी मला शाळेत भूगोल शिकवला, म्हणून आधी मनातल्या मनात नमस्कार केला आणि मग ब्लॉक केलं.

बायको म्हणाली, एकदा जाऊन पाणी बघून तरी या. म्हटलं, मी बघायला गेलो की लोकांना ते खरंच वाटायला लागेल. तिला राजकारण कळत नाही.

९ मार्च
इस्त्रीवाला, नर्सबाई, नर्सबाईंची सून. सगळे त्याच गल्लीतले आणि शब्दही तेच: पिवळं, वास, गाळ. उघड आहे, विरोधकाने पढवलंय. खरी तक्रार असती तर प्रत्येकाने वेगवेगळी केली नसती का?

सगळे ब्लॉक. त्यांच्या कमेंटला लाइक देणारी उरलेली गल्लीही. अंगठा दुखतोय. जनसेवेत दुखणी आलीच.

१२ मार्च
मन खट्टू आहे. आज ताईने कमेंट केली.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. राहते टाकीमागच्याच गल्लीत. पहिल्या निवडणुकीत पाय सुजेपर्यंत दारोदार फिरली माझ्यासाठी. आणि तिने सगळ्यांसमोर लिहावं काय? बाळ्या, नळाच्या पाण्याला वास येतोय रे. बघ ना जरा. जेवलास का?

बाळ्या! पक्षाचे वरिष्ठ वाचतात, पत्रकार वाचतात. दुपारपर्यंत विरोधकाने ते गावभर फिरवलं. बाजारात फळवाल्याने सफरचंद तोलता तोलता विचारलं, साहेब, जेवलात का? आजूबाजूचे फिस्सकन हसले.

ताईला ब्लॉक केलं. तात्पुरतं. वातावरण निवळलं की काढेन. रविवारी घरी जाऊन तिला नीट समजावून सांगणार.

१६ मार्च, रविवार
ताईकडे जायचं राहिलं. बाकाचं उद्घाटन लांबलं.

१९ मार्च
आता माझं अकाउंट बघत राहावंसं वाटतं. जोडलेले हात, फुलं, साहेब फक्त तुम्हीच. टाकीमागच्या गल्लीतून आठवडाभरात एकही तक्रार नाही. पाणी आपोआप सुधारलं असणार. पाणीखात्याच्या इंजिनिअरला फोन करून तसं कळवलं. तो म्हणाला, मग तिथलं पाइपाचं काम पुढच्या महिन्यात ढकलू का? म्हटलं, खुशाल ढकला.

ताईचे दोन मिस्ड कॉल. मीटिंगमध्ये होतो. उद्या नक्की करतो.

२४ मार्च, दुपारी
इंजिनिअरचा फोन. आवाज पडलेला. गल्लीतल्या पाण्याचा तपासणी अहवाल आलाय, गटाराचं पाणी पाइपात शिरतंय. दुरुस्ती होईपर्यंत ते कोणीही पिऊ नये. भोंग्याची गाडी फिरवू का, म्हणाला.

मी डगमगलो नाही. भोंगा वाजला की साऱ्या शहराला कळणार आणि विरोधकाचं आयतंच फावणार. म्हटलं, गाडीबिडी नको. ते दिवस गेले. मी माझ्या अकाउंटवर टाकतो, मिनिटात घरोघर पोचेल.

टाकलं. टाकीमागच्या गल्लीतील बंधुभगिनींनो, नळाचं पाणी पिऊ नका. सोबत माझा चिंताग्रस्त फोटो. तिसऱ्यांदा काढला तेव्हा चिंता नीट दिसली.

संध्याकाळी
लाइकवर लाइक. किती काळजी घेता साहेब! लिहिणारे बहुतेक टेकडीवरच्या बंगल्यांतले. गल्लीतून कोणी अवाक्षर काढलं नाही. पाणी उकळण्यात गुंतले असतील.

२५ मार्च
सकाळपासून काहीतरी टोचतंय. काय ते कळत नाही. चहा घेतला. जरा बरं वाटलं.

२७ मार्च
भाच्याचा फोन. ताईला दवाखान्यात ठेवलंय. उलट्या, जुलाब, अंगात उभं राहायचं त्राण नाही. शिंप्याची बायको तिथेच आहे, मास्तरही. जवळजवळ अर्धी गल्ली.

मी भाच्यावर खेकसलो. म्हटलं, तीन दिवसांपूर्वी स्पष्ट लिहिलं होतं पिऊ नका म्हणून. बंगल्यातल्या लोकांनी वाचलं, तुम्हालाच वाचता येत नाही?

तो म्हणाला, मामा, कुठे लिहिलं होतं?

तेव्हा लक्षात आलं. ब्लॉक केलेल्याला माझं काहीच दिसत नाही. आणि त्या गल्लीतल्या ज्याच्या ज्याच्या हातात फोन होता, त्याला मी ब्लॉक केलं होतं. बायको काय झालं म्हणून विचारत राहिली.

एकेकाला अनब्लॉक करत बसलो. ताईला सगळ्यात आधी. मग एक निवेदन लिहिलं: काही तांत्रिक अडचणीमुळे सूचना सर्वांपर्यंत पोचू शकली नाही. वाचायला बरं वाटतं. उद्या आधी ताईला ऐकवतो. ती समजून घेईल. आजवर घेतलंच आहे.

२८ मार्च, दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर
दारापाशीच मास्तरांची खाट. नमस्कार केला, या वेळी हात जोडून.

ताई केवढीशी दिसत होती. डॉक्टर म्हणाले, वयामुळे किडनीवर ताण आलाय, दोन दिवस गेल्याशिवाय काही सांगता येत नाही.

मला बघून तिचा चेहरा फुलला. खिशातलं निवेदन चाचपलं, घसा साफ केला. पण तीच आधी बोलली. म्हणाली, बरेच दिवस तुझं काही दिसलं नाही रे फोनवर. तब्येत बरी नव्हती का? मला वाटलं, कामाच्या रगाड्यात असशील.

मग थांबत थांबत म्हणाली, लोक उगाच घाबरले होते बघ. शिंप्याची बायको आली, मास्तर आले, पाणी प्यावं की नाही विचारायला. मी सगळ्यांना सांगितलं, पाणी वाईट असतं तर आमच्या बाळ्याने आधी कळवलं असतं. बिनधास्त प्या.

निवेदन खिशातच राहिलं.

निघताना तिने विचारलं, जेवलास का.

हो म्हटलं. जेवलो नव्हतो.