फीत कापेपर्यंत हात लावू नये

१५ ऑगस्ट
आजपासून चौसाळ्याचा इतिहास बदलणार. हायवेवरच्या आपल्या गाळ्यात ‘अंगददादा मेकरस्पेस’! तरुणांनी यावं, डोकं चालवावं, वस्तू बनवाव्यात. थ्रीडी प्रिंटर आला. फ्लेक्सही आला, पण शटरपेक्षा मोठा निघाला. माझा अर्धा चेहरा शेजारच्या सलूनवर गेलाय. असू दे, पब्लिसिटीच.
मशीनला कुणीही हात लावायचा नाही. आधी आमदारसाहेब फीत कापतील, मग पंचायत समितीचं तिकीट कुठं जातंय!

२२ ऑगस्ट
शहादेवची यशोधरा आली. डिप्लोमाला आहे. बापाच्या उजव्या हाताला लावायची पकड बनवायची म्हणते, डिझाइन मोबाइलमध्ये तयार. शहादेवची चार बोटं आमच्याच कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेली, त्यामुळे घरोबा जुना. पकड झाली तर आबा रिक्षा चालवतील, न्हाई तर दसऱ्याला इकावी लागंल, म्हणाली. मी म्हटलं, पोरी, उद्घाटन होऊ दे, पहिला नंबर तुझा. भारावून लगेच निघून गेली.
साहेब पुढच्या रविवारी येतायत.

३१ ऑगस्ट
साहेब पाटोद्याला साखरपुड्यात अडकले. पेढे मीच खाल्ले.
यशोधरा पुन्हा हजर. दोन तासांचं काम हाय दादा, म्हणे. मी समजावलं, वापरलेल्या मशीनची फीत कापायला साहेब काय सेकंडहँड आहेत? आजकालच्या पोरांना पेशन्स नाही. यावर रील करणे.

१९ सप्टेंबर
बायको म्हणाली, करू द्या की पोरीला, काहून अडवता? व्हिजन नाही तिला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज अवजारांची पूजा. मशीन बिनपूजेचं कसं ठेवणार? हळदकुंकू, हार, आणि नारळ थेट मशीनवरच फोडला. पाणी आत गेलं. नारळपाणी थंड असतं, मशीनला चांगलंच. चालू केलं तर जळका वास. नवेपणाचा असेल.

३ ऑक्टोबर
शहादेवने रिक्षा विकली. फार वाईट वाटलं. लगेच त्याला मेकरस्पेसचा वॉचमन केला. शिवाय शटर उचलायला बोटं लागतात, म्हणजे चोरीची भीतीच मिटली. एवढा बारीक विचार जिल्ह्यात कोण करतो?

१३ ऑक्टोबर, सोमवार, दुपारी
साहेब चारला नक्की! सकाळीच शटरसमोर फीत बांधली. मशीन मात्र अजून मुकं. बायको माहेरी, तिचा हेअर ड्रायर घेतला, फितीखालून वाकून आत शिरलो. लोकांनी बघू नये म्हणून शटर खाली ओढलं. अडकलं. आतून हलत नाही. सोमवार म्हणून सलून बंद. बाकी कुणाला फोन करावा तर गावभर हसं होईल.
शहादेवला ओरडून सांगितलं, उचल. तो म्हणाला, मालक, उचलायला बोटं लागत्यात. आवाजात राग नव्हता. तेच लागलं.
त्याचा डबा घेऊन यशोधरा आली. तिला म्हटलं, पोरी, तू तरी उचल. ती म्हणाली, फीत बांधलेली हाय दादा. साहेबांच्या आधी कसा हात लावू?

संध्याकाळी
पीएचा मेसेज. आजचा दौरा रद्द, पुढची तारीख दिवाळीनंतर.
आतून खूप ठोकलं. शहादेव म्हणाला, काळजी करू नका मालक, मी हाय इथंच. माझी ड्युटी हाय.