चिमूटभर मिरपूड

ईस्ट लिव्हरपूल, ओहायो
रविवार, १७ मार्च १९३५

प्रिय ऑलिव्ह,

तुझ्या बापाचे आशीर्वाद. पाकिटावर आईऐवजी माझं अक्षर बघून दचकली असशील, तर दचकू नकोस. आम्ही दोघं ठीक आहोत. नदीचं पाणी यंदा खालच्या गल्लीपर्यंत आलं आणि शहाण्यासारखं परत गेलं. चिनीमातीच्या कारखान्याच्या एका भट्टीला पुन्हा जाळ लागला आहे, त्यामुळे गावावर थोडा धूर दिसतो आणि लोक धुराकडे बघून खूश होतात. मला अजून बोलावणं नाही. बशीच्या काठावर सोन्याची रेघ ओढणारा माणूस सध्या कोणाला लागत नाही. मुकादम म्हणाला, "एनॉक, रेघ नसली म्हणून बटाटा काही बशीतून पळून जात नाही." मी टोपी घातली आणि घरी आलो.

तुझं पत्र मिळालं. शिकागोच्या थंडीत हॉटेलातली चादरींची खोली तरी उबदार असते, हे वाचून आईला बरं वाटलं. तिनं ते वाक्य माझ्याकडून परत वाचून घेतलं. तू विचारलंस की आईचं अक्षर हल्ली असं वाकडं का येतं. टेबल हलतं गं. एक पाय आखूड झालाय त्याचा. बघतो मी.

ह्या खेपेला आईला जरा सवड नाही, म्हणून मी लिहायला बसलो. मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घे.

आता एक बातमी सांगतो, पण हसू नकोस. तुझा बाप सिनेमाला जातो. दर मंगळवारी, चॅपेलात जायचाच कोट घालून. पाद्रीबाबांना कळलंय, पण ते मला काही बोललेले नाहीत, बहुतेक त्यांची बायकोही तिथेच असते म्हणून.

तू गेल्यानंतर टेकडीखालच्या थिएटरवाल्यानं नवीन टूम काढली. मंगळवारच्या पहिल्या खेळाला येणाऱ्या प्रत्येक बाईला तिकिटाबरोबर एक भांडं फुकट. एका आठवड्याला बशी, पुढच्याला कप, मग वाडगा, असं करत करत पूर्ण सेट जमायचा. आणि भांडी कुठली, तर आमच्याच कारखान्यातली, जरा वाकडी, जरा डाग पडलेली, बिनरेघेची. पहिली बशी घरात आली तेव्हा मी ती उलटी करून शिक्का पाहिला आणि जेवलो नाही. तुझी आई म्हणाली, "तू नको जेवू तिच्यात. हा सेट ऑलिव्हच्या लग्नाचा आहे." त्यानंतर ती एकही मंगळवार चुकली नाही. मला म्हणायची की सिनेमाशी मला काय करायचंय, मी आपली बशीसाठी जाते. पण परत यायची तेव्हा दिवसभर भांडी घासून आलेली बाई वाटायची नाही. शेगडीपाशी उभी राहून गुणगुणायची आणि सूप उतू जायचं.

हिवाळ्यात तिला टेकडी चढताना दम लागायला लागला. सेट अर्ध्यावर अडलेला. म्हणून मी गेलो.

दारात मॅनेजर प्रॉसर म्हणाला, "भांडं फक्त बायकांना. नियम आहे." मी म्हटलं, माझ्या बायकोच्या वतीनं आलोय. तो म्हणाला, "उद्या सगळे बाप्ये बायकांच्या वतीनं येतील." मागे रांग तटलेली. रांगेत आपली शेजारीण ब्रिजेट मॅकएल्रॉय होती. तिनं स्वतःच्या डोक्यावरची पिसाची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. "घ्या, झाली बाई. आता द्या हिला वाडगा. हिच्यापेक्षा दिसायला वाईट बायका तुम्ही आत सोडल्यात, त्यातली एक तर मीच." रांगेतल्या बायका इतक्या हसल्या की प्रॉसरनं मुकाट्यानं वाडगा दिला. तेव्हापासून तिथे मला सगळ्याजणी आईच्या नावानं 'हेस्टरबाई' म्हणतात.

आत अंधारात प्रत्येकीच्या मांडीवर एकेक भांडं असतं. कोणी हसता हसता सैल झाली की खळ्ळकन आवाज येतो, आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवतं. तो तिथला रिवाजच आहे. जिचं फुटतं तिनं उठून मान लववायची.

मी जायचो भांड्यासाठी, पण परत आलो की आई विचारायची, "सांग, काय होतं?" पहिल्या वेळी मी म्हटलं, एक माणूस होता, त्याचं एका बाईवर प्रेम बसलं, मग लग्न झालं. ती म्हणाली, "एनॉक, तू बायबलमधली वंशावळ वाचतोयस का? तिनं घातलं काय होतं?" आता हे मला काय माहीत? पुढच्या आठवड्यापासून ब्रिजेट माझ्या शेजारी बसून कानात सांगायला लागली की हे साटिन, हे मखमल, ही मेली नकली फर. मी घरी येईपर्यंत पाठ करत यायचो. मग आईच्या खाटेशी बसून पहिल्यापासून सांगायचो, चालून, बोलून, दारं आपटून. तिला जिने चढायला नकोत म्हणून खाट खाली स्वयंपाकघरात शेगडीजवळ आणली आहे, ते सांगायचं राहिलं.

एखादा सिनेमा रडका निघाला तर मी शेवट बदलायचो. मेलेले उठवायचो, रुसलेले परत आणायचो. एकदा ती म्हणाली, "आपल्या गावात मंगळवारी मंगळवारी सगळ्यांचीच लग्नं लागतायत बाई." पण पुढे सांग म्हणाली.

गेल्या मंगळवारी सेटचं शेवटचं भांडं होतं, रस्सा वाढायचं चोचीचं. आणि सिनेमा होता एका धोबीखान्यातल्या पोरीचा. तिला सदा सर्दी. आणि ती शिंकली रे शिंकली की चंद्रावरचा एक तरणाबांड गृहस्थ काळ्या कोटात थेट तिच्या साबणाच्या पिंपात येऊन पडतो. धडपडत उठतो, नाकावरचा फेस पुसतो आणि तिला म्हणतो, "बोलावलंत?" पुढची शिंक येईपर्यंतच त्याला राहता येतं. ऑलिव्ह, मी इतका कधी हसलो नव्हतो. ती पोर कपड्यांच्या ढिगात उभी होती, हात सोललेले, आणि मला आईची आठवण झाली. आमच्या लग्नाआधी तीही अशीच दिसायची, फक्त अंगावर साबणाऐवजी मातीची पांढरी भुकटी. कच्च्या बशा घासून गुळगुळीत करायच्या खात्यात होती ना ती. ती भुकटी केसांतून निघते. छातीतून निघत नाही.

तर मग एक भला डॉक्टर येतो आणि त्या पोरीची सर्दी बरी करतो. झालं. शिंक नाही, माणूस नाही. ती खिडकीत बसून आभाळाकडे बघते, नाकात पीस घालून बघते, उन्हाकडे बघते, काही केल्या शिंक येत नाही. तिच्या मागच्या फळीवर मिरपुडीचा डबा होता, मोठ्या अक्षरात नाव लिहिलेला. सगळ्यांना दिसत होता, तिला दिसत नव्हता. माझ्यानं राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "अगं पोरी, मिरपूड हुंग!"

मांडीवर भांडं आहे हे मी विसरलो होतो.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. कोणी ओरडलं, "हेस्टरबाई, मान लववा." मी लववली. मग खाली बसून अंधारात तुकडे गोळा करायला लागलो आणि ते करता करता मला रडू आलं. ब्रिजेट माझ्याबरोबर तुकडे वेचत राहिली. मग ती मला बाहेर घेऊन आली. त्या पोरीला डबा सापडला की नाही ते आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, फुटलेल्या भांड्यासकट. ती हसली. हसताना तिला धाप लागते, तरी हसली. मग म्हणाली, "आणि शेवटी?" मी म्हटलं, तिनं मिरपूड हुंगली, तो आला आणि राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं. "तू शेवट पाहिलाच नाहीस, एनॉक. पण असाच असणार. इतकी सोपी गोष्ट आहे, चिमूटभर मिरपूड."

ऑलिव्ह, टेबल हलत नाही. त्याचे चारही पाय चांगले आहेत. नाताळापासून आई अंथरुणावर आहे. तुझी पत्रं ती आडवी पडून, पोटावर पाट घेऊन लिहायची, म्हणून अक्षर वाकडं. आता तिच्या हातात पेन्सिलही ठरत नाही. तिनं मला शपथ घातली होती. "पोरीला कळवायचं नाही. ती निघून आली तर तिची जागा दुसरी कोणीतरी घेईल, आणि आजकाल गेलेली नोकरी परत मिळत नाही. मी तर जाणारच आहे, नोकरी कशाला घालवायची?" डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मला अंगणात बोलावून सांगितलं की मुलगी असेल तर आता बोलवा. तरीही मी शपथ पाळली. पंधरवडाभर पेन हातात घेतलं आणि ठेवलं.

मग आज सकाळी मी चॅपेलातून आलो तर आई शिंकत होती. एक शिंक, मग दुसरी. तुला कळणार नाही तिच्या छातीला एका शिंकेनं काय होतं ते. मी धावत गेलो. तिच्या नाइटगाऊनवर, उशीवर, सगळीकडे काळी पूड. मी चॅपेलात असताना तिनं ब्रिजेटकडून मिरपुडीची डबी मागून घेतली होती. मी म्हटलं, हेस्टर, हे काय? म्हणाली, "काही नाही, बटाट्यावर घालायला." घरात बटाटा नव्हता.

तिचा श्वास बसेपर्यंत मी तिला धरून होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या, मिरपुडीचं म्हणाली. मग तिनं मान वळवली आणि दाराकडे बघितलं. मीही बघितलं. बराच वेळ आम्ही दोघं दाराकडे बघत होतो.

म्हणून मी शपथ मोडून हे लिहितो आहे. नोकरी जाईल, मला ठाऊक आहे. तू इथे असशील तेव्हा आपण तिघं मिळून जे असेल ते खाऊ. ते चोचीचं भांडं मी सरसानं जोडून ठेवलंय. रस्सा गळेल, पण सेट पूर्ण दिसतो. मी तिला काही सांगणार नाही. तू दारात उभी राहिलीस की आधी नाक पूस आणि विचार, "बोलावलंत?" ती समजेल.

हे पत्र म्हणजे तुझ्या आईची शिंक आहे, असं समज आणि मिळेल त्या गाडीनं ये.

दाराकडे बघत बसलेला
तुझा बाप,
एनॉक